बावन्न मिनिटांचा प्रकल्प: हिंगहॅम हायस्कूलचं एआय प्रकरण

शाळेत एआय कसं वापरावं यावर आपल्याकडे भाषणं भरपूर होतात. प्रत्यक्ष घडलेलं आणि कोर्टाच्या कागदांवर तपशिलासकट आलेलं प्रकरण मात्र क्वचितच कुणी समोर ठेवून वाचतं. अमेरिकेतल्या हिंगहॅम हायस्कूलचं प्रकरण तसं आहे. त्यात बातमीपुरता मसाला होताच: हुशार मुलगा, चिडलेले पालक, शाळेवर खटला. प्रत्येक शिक्षकाने ते वाचावं असं मला वाटतं, त्याचं कारण मात्र वेगळं आहे. शाळेने आपली बाजू नेमकी कशाच्या बळावर टिकवली, हे त्यात स्पष्ट दिसतं. आणि ते बळ बहुतेकांना वाटतं त्या सॉफ्टवेअरचं नव्हतं.

काय घडलं

हिंगहॅम हे मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, बोस्टनच्या दक्षिणेला समुद्रकाठी वसलेलं गाव. तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये २०२३-२४ साली अकरावीचे विद्यार्थी अमेरिकेच्या इतिहासाचा एपी अभ्यासक्रम शिकत होते. एपी म्हणजे शाळेत असतानाच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय. या वर्गाला ‘नॅशनल हिस्टरी डे’ या देशव्यापी स्पर्धेसाठी प्रकल्प करायचा होता. आपण निवडलेल्या ऐतिहासिक विषयावर छोटा माहितीपट तयार करायचा, आणि त्याआधी टप्प्याटप्प्याने टिपणं, संदर्भ आणि संहितेचा मसुदा जमा करायचा.

दोन मुलांच्या एका जोडीने विषय घेतला करीम अब्दुल-जब्बार. बास्केटबॉलचा हा महान खेळाडू नागरी हक्कांच्या लढ्यातही उभा राहिला होता. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचा मसुदा शिक्षिकेच्या हाती आला. टर्नइटइन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सेवेने त्यातल्या काही भागावर ‘हा एआयने लिहिलेला दिसतो’ अशी खूण केली.

शिक्षिकेने तेवढ्यावर निकाल दिला नाही. मसुदा ऑनलाइन दस्तऐवजात लिहिलेला होता, म्हणून तिने त्याचा लेखन-इतिहास उघडला. ड्राफ्टबॅक नावाचं एक साधन अशा दस्तऐवजातलं टायपिंग पहिल्या अक्षरापासून पुन्हा चालवून दाखवतं. स्वतः लिहिणाऱ्या मुलाचा इतिहास पाहिला तर वाक्य अर्ध्यावर थांबतं, खोडलं जातं, दुसऱ्या शब्दाने सुरू होतं, मधला परिच्छेद वर सरकतो, स्पेलिंग तीनदा दुरुस्त होतं. इथे तसं फारसं नव्हतं. मजकुराचे मोठमोठे तुकडे एकदम येऊन बसले होते. वर्गातल्या बाकीच्यांनी आपापल्या दस्तऐवजात साधारण सात ते नऊ तास घालवले होते, आणि या जोडीतल्या एकाची, ज्याच्या पालकांनी पुढे खटला भरला, नोंद होती सुमारे ५२ मिनिटांची.

मग तळटीपा तपासल्या गेल्या. त्यात ‘हूप ड्रीम्स: अ सेंच्युरी ऑफ बास्केटबॉल’ अशा नावाचं एक पुस्तक होतं. हे पुस्तक अस्तित्वातच नाही. नाव मात्र ऐकल्यासारखं वाटतं, कारण त्याचा पहिला भाग एका खऱ्या, गाजलेल्या माहितीपटाचा आहे. अशी न लिहिली गेलेली पुस्तकं संदर्भांत आणखीही होती.

पुस्तक कुठून आलं

इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट मुलांना समजावून सांगणं सगळ्यात गरजेचं आहे, आणि बहुतेक शाळांत ती कुणी सांगत नाही. भाषेचं एआय ग्रंथालयात जाऊन कपाट उघडत नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, याचा अंदाज घेत ते मजकूर रचत जातं. संदर्भनोंदीचा साचा ठरलेला असतो: आडनाव, पुस्तकाचं नाव, शहर, प्रकाशक, साल. तो साचा त्याला पाठ असतो आणि प्रत्येक खणात शोभेलसं काहीतरी भरता येतं. त्याला जोडलेलं शोधयंत्र नसेल, किंवा असूनही नीट वापरलं नसेल, तर भरलेलं खरं आहे की नाही हे तपासण्याची पायरीच त्यात नसते. एआयच्या मनात फसवण्याचा हेतू असतो असं नाही. पण वाचणाऱ्याची फसगत व्हायची ती होतेच.

या विषयाला खोट्या पुस्तकांची गरज नव्हती, याचं मला जास्त वाईट वाटतं. अब्दुल-जब्बार यांनी स्वतः डझनभराहून अधिक पुस्तकं लिहिली आहेत. १९६७ साली मुहम्मद अली यांनी सैन्यात जायला नकार दिला तेव्हा क्लीव्हलंडमध्ये नामवंत कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्या पाठीशी जमले. त्या बैठकीत वीस वर्षांचा हा कॉलेजकुमारही होता, तेव्हा ल्यू अल्सिंडर या जन्मनावाने. १९६८ च्या ऑलिम्पिकच्या वेळी तो अमेरिकेच्या संघापासून दूर राहिला. १९७१ मध्ये त्याने नवं नाव घेतलं. वर्तमानपत्रांचे जुने अंक, छायाचित्रं, मुलाखती, सगळं उपलब्ध आहे. अकरावीच्या मुलाने त्यातली एक मुलाखत नीट वाचली असती, तरी ५२ मिनिटं तिथेच गेली असती, आणि प्रकल्पात सांगण्यासारखं काहीतरी त्याच्या हाती लागलं असतं.

शिक्षा आणि खटला

शाळेने काय केलं ते पाहू. प्रकल्पाच्या दोन टप्प्यांत दोघांना नापास केलं. पण प्रकल्प काढून घेतला नाही. दोघांनी वेगवेगळं बसून पहिल्यापासून काम करावं आणि अंतिम प्रकल्प जमा करावा, अशी मुभा दिली. या विद्यार्थ्याला एका शनिवारी शाळेत बसण्याची शिक्षा झाली. नॅशनल ऑनर सोसायटी, म्हणजे गुणी विद्यार्थ्यांची मानाची संस्था, तिच्यात त्याची निवड थांबली. पुढे खटला दाखल झाल्यावर त्याला तिथे प्रवेश मिळाला.

पालकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दावा लावला. तो आधी राज्याच्या न्यायालयात होता, मग बोस्टनच्या संघीय न्यायालयात गेला. मुलगा बारावीत पोहोचला होता आणि विद्यापीठांच्या प्रवेशअर्जांचे दिवस जवळ आले होते. म्हणून त्यांनी तातडीचा अंतरिम आदेश मागितला: शिस्तभंगाची नोंद पुसावी आणि इतिहासाची सी प्लस ही श्रेणी बदलून बी करावी. त्यांचं म्हणणं असं, की त्या वर्षीच्या विद्यार्थी नियमपुस्तिकेत एआयचा उल्लेखच नव्हता. नसलेल्या नियमासाठी शिक्षा कशी? शिवाय मुलाने एआय विषय सुचवायला आणि आराखडा करायला वापरलं, ते चौर्य कसं ठरतं?

हे दोन्ही प्रश्न रास्त होते. ‘पालक लाडावलेले, म्हणून भांडले’ असं म्हणून ते उडवून लावणं मला पटत नाही. नियमपुस्तिकेबद्दलचं त्यांचं बोट योग्य जागी पडलं होतं.

न्यायालयाने काय पाहिलं

न्यायाधीश पॉल लेव्हन्सन यांनी २० नोव्हेंबर २०२४ रोजी अंतरिम आदेश नाकारला. हा खटल्याचा अंतिम निवाडा नव्हता. पालक पुढे जिंकण्याची शक्यता किती, एवढंच त्या टप्प्यावर तोलायचं होतं, आणि ती न्यायाधीशांना फारशी दिसली नाही. निकालपत्रात कारणं सविस्तर आहेत. मला त्यातली तीन महत्त्वाची वाटतात.

पहिलं, पूर्वसूचना. नियमपुस्तिका गप्प होती हे खरं, पण २०२३ च्या शरद सत्रात शाळेने एआयविषयीचं लेखी पत्रक इंग्रजीच्या वर्गात मुलांना दिलं होतं. शिक्षकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय एआय वापरायचं नाही, आणि वापरलं तर त्याचा उल्लेख करायचा, असा त्याचा आशय. हा विद्यार्थी त्या वर्गात होता. त्यामुळे ‘मला माहीतच नव्हतं’ हे न्यायालयाला पटलं नाही. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देऊ नये हा नियम तर पुस्तिकेत होताच.

दुसरं, वापर कसा झाला. एआयकडून विषय सुचवून घेतले, स्रोत शोधले, एवढ्यावर हे थांबलं नव्हतं. ग्रामरली या इंग्रजीचं व्याकरण तपासणाऱ्या साधनाच्या एआय सोयीने तयार केलेला मजकूर तसाच्या तसा उचलून चिकटवला होता आणि उल्लेख कुठेच नव्हता. एआयमुळे शिक्षकांपुढे काही नाजूक पेच उभे राहतील हे न्यायाधीशांनी मान्य केलं, पण हे प्रकरण त्या नाजूक जातीचं नाही असंही नोंदवलं. यंत्राकडून संहिता लिहून घेऊन ती आपली म्हणून देण्यात शिक्षणाचा काही हेतू दिसत नाही, असा त्यांचा रोख.

तिसरं कारण शाळेने चौकशी कशी केली याचं. मुलाला विचारलं गेलं, पालकांना कळवलं गेलं, पुरावा एकापेक्षा जास्त वाटांनी गोळा झाला, आणि शिक्षा बेताची होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये गॉस विरुद्ध लोपेझ या खटल्यात ठरवलं होतं, की विद्यार्थ्याला थोड्या दिवसांसाठी शाळेबाहेर काढायचं असलं तरी आरोप काय ते आधी सांगितलं पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. इथे शाळेबाहेर काढण्याचा प्रश्नही नव्हता. शनिवारची एक बैठक आणि पुन्हा करायचं काम यात अन्याय्य असं काही न्यायालयाला दिसलं नाही.

फक्त टर्नइटइनची खूण असती तर?

शाळेच्या हाती एआय ओळखणाऱ्या साधनाची टक्केवारी तेवढीच असती, तर माझ्या मते हा खटला शाळेला फार जड गेला असता. आणि जायलाच हवा होता. या साधनांवर एकट्याने भरवसा ठेवता येत नाही, हे त्या वेळीही माहीत होतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळख-साधन आणलं. कंपनीच्याच चाचणीत ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच पकडू शकलं, आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगीच शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्नइटइनची एआय ओळखण्याची सोय बंद करून टाकली.

मराठी वाचकाने यातली एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात ओळख-साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के वेळा साधनांनी ते निबंध एआयचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र त्यांनी जवळजवळ अचूक ओळखले. कारण समजायला अवघड नाही. पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका मजकूर यंत्राचा, असा या साधनांचा हिशेब असतो. परकी भाषा शिकणारा माणूस ओळखीचे शब्द आणि सरळ वाक्यरचना धरून लिहितो. मराठी माध्यमात शिकून अकरावीला इंग्रजीत लिहायला लागलेली, ‘चुकायला नको’ म्हणून साधी वाक्यं जपून लिहिणारी मुलगी या यंत्राच्या डोळ्यांना एआयसारखी दिसू शकते. तिच्या निबंधावर ‘७० टक्के एआय’ असा आकडा आला आणि शिक्षकाने तोच तिच्या पालकांपुढे ठेवला, तर तिने बचाव कसा करायचा?

हिंगहॅमच्या शिक्षिकेने त्या खुणेला ‘आता नीट बघायला हवं’ एवढाच अर्थ दिला आणि मग खरंच नीट बघितलं. या प्रकरणातली मला सर्वांत शिकण्याजोगी वाटणारी कृती ती आहे. लेखन-इतिहास, वर्गातल्या इतरांशी तुलना, संदर्भांची पडताळणी, विद्यार्थ्याशी बोलणं: चारही वाटा एकाच ठिकाणी आल्या. यातली पडताळणी तर कुणालाही जमते. तळटीपेतलं एक पुस्तक निवडायचं आणि ते ग्रंथालयाच्या यादीत सापडतं का पाहायचं.

शाळेचं चुकलं कुठे, तेही बोललं पाहिजे. पत्रक एका विषयाच्या वर्गात दिलं आणि वाद झाला दुसऱ्या विषयात. मुख्य नियमपुस्तिकेत एक ओळ असती तर पालकांच्या दाव्यातला अर्धा जीव आधीच गेला असता. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं होतं, आणि नवं शैक्षणिक वर्ष सुरू होईपर्यंत पुस्तिका सुधारायला वेळ होता. ग्रामरलीसारख्या साधनाने घोळ आणखी वाढतो. वर्षानुवर्षं मुलं ते स्पेलिंग आणि व्याकरण सुधारायला वापरत आली, शिक्षकांनीही त्याला हरकत घेतली नाही. त्याच खिडकीत एके दिवशी ‘माझ्यासाठी लिहून दे’ अशी सोय आली. साधन तेच, काम वेगळं. ‘ग्रामरली चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं साधनाच्या नावाने सांगून म्हणूनच भागत नाही. कोणतं काम यंत्राकडून करून घेतलेलं चालेल, ते सांगावं लागतं.

आपल्या शाळांत

आपल्याकडे हा प्रश्न एआयच्या आधीपासून आहे. पर्यावरणाच्या किंवा जलसुरक्षेच्या प्रकल्पाचं तयार छापील साहित्य शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, मुलं ते वहीत उतरवून काढतात, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण पडतात. आता आईच्या मोबाइलवरून उत्तर घ्यायचं आणि सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचं, एवढाच फरक. हाताने लिहिलेल्या वहीला लेखन-इतिहास नसतो, त्यामुळे ड्राफ्टबॅक इथे कामाचं नाही. त्याचं काम कच्ची वही करू शकते. अंतिम प्रकल्पाबरोबर कच्ची टिपणं मागावीत, तारखांसकट, खाडाखोडीसकट. कोणत्या पुस्तकाचं कोणतं पान वाचलं, गावातल्या कुणाशी बोललं, हे त्यात यावं. मग प्रत्येकाला आपल्याच वहीतला एक परिच्छेद दाखवून दोन मिनिटं विचारावं: हे तुला कुठे मिळालं, हा शब्द का वापरलास? साठ मुलांच्या वर्गात हे सगळ्यांच्या बाबतीत एकाच आठवड्यात होणार नाही, ते मला ठाऊक आहे. प्रकल्प टप्प्यांत जमा करून घेतले आणि दर तासाला चार-पाच जणांना विचारलं, तर सत्रभरात होतं.

मराठीत लिहिताना आणखी सावध राहावं लागतं. या साधनांनी मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा वाचलेला आहे. तालुक्यातल्या किल्ल्याचा किंवा गावच्या देवळाचा इतिहास विचारला, तर ते ऐटीत उत्तर देतं, पण त्यातली सालं आणि नावं पडताळल्याशिवाय वहीत जाता कामा नयेत. ‘एआयने दिलेल्या माहितीतल्या चुका शोधा आणि पुराव्यासह दुरुस्त करा’ हाच प्रकल्प म्हणून द्यावा. गावातल्या जाणत्या माणसांकडे जाण्याचं त्याहून चांगलं निमित्त मुलांना मिळणार नाही.

हिंगहॅमच्या खटल्यात फारशी न आलेली एक बाजू आपल्याकडे जास्त गंभीर आहे: मुलांची माहिती. मुलाचा निबंध नावासकट कुठल्याही फुकट तपासणी-संकेतस्थळावर टाकणं हे शिक्षकाने करू नये. तो मजकूर पुढे कुठे साठवला जातो हे आपल्या हातात राहत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकजण मूल मानला जातो, आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींतही तेरा वर्षांखालच्यांना मनाई आहे आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गात अशी साधनं वापरण्यासाठी किमान तेरा वर्षं वय सुचवलं आहे. चौथीच्या मुलांकडून वर्गात खाती उघडून घेणारे उत्साही शिक्षक हे वाचून थांबतील, अशी आशा आहे.

हिंगहॅमला जे पत्रक एका वर्गापुरतं राहिलं, ते आपल्याकडे एका पानाचं असलं तरी पुरे, फक्त सगळ्या विषयांना लागू हवं. कोणत्या कामाला एआय चालेल: शब्दाचा अर्थ, व्याकरण तपासणं, विषय सुचवणं. कोणत्या कामाला नाही: निबंध, प्रकल्पाचा मजकूर, संदर्भयादी. वापरलं तर शेवटी दोन ओळींत काय विचारलं आणि काय घेतलं ते लिहायचं. संशय आला तर काय होईल: आधी मुलाशी बोलणं, मग कच्ची वही, मग पालक. नुसत्या सॉफ्टवेअरच्या आकड्यावर गुण कापले जाणार नाहीत, हेही त्यात लिहावं. पहिल्यांदा चूक झाली तर तेच काम पुन्हा करायची संधी मिळेल, हेही. पत्रकावर पालक आणि विद्यार्थी दोघांची सही घ्यावी, आणि जूनमधल्या पहिल्या पालकसभेत ते वाचून दाखवून शंका तिथेच सोडवाव्यात.